कॅमेऱ्याच्या नव्या लेन्सच्या आत दोष दिसला तर: ओळख, पुरावा आणि बदलून घेण्याची वाट

चाळीस-पन्नास हजार मोजून घेतलेल्या लेन्सच्या आत ठिपका दिसला की पोटात गोळा येतो. मग घाईत नेमके नको तेच होते. कोणी माउंटच्या, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडली जाते त्या बाजूने ब्लोअर मारतो, कोणी ओळखीच्या रिपेअरवाल्याकडे धावतो, तर कोणी "ऱ्हाऊ दे, एवढं काय नसतंय" म्हणून लेन्स बॅगेत टाकतो आणि बदलून घ्यायची मुदत निघून जाते.

आपल्या सीमाभागात यात आणखी एक गुंता असतो. लेन्स बहुतेक वेळा गावात घेतलेली नसते. बेळगाव-निपाणीचा माणूस कोल्हापूर किंवा पुणे गाठतो, खानापूरवाला हुबळीहून किंवा गोव्यातून आणतो, भालकीकडचा माणूस लातूर नाहीतर हैदराबादला जातो आणि बाकीचे ऑनलाइन मागवतात. दुकान एका राज्यात आणि आपण दुसऱ्या राज्यात असलो की तक्रार तरी कुठे करायची, इथेच अनेकांचा धीर सुटतो. तो सुटायचे काही कारण नाही. कायदा या बाबतीत आपल्या बाजूने आहे, ते पुढे सांगतो.

माझे मत आधीच सांगून ठेवतो. नव्या लेन्समधला कारखान्याचा दोष दुरुस्त करून घ्यायचा नसतो, लेन्स बदलून घ्यायची असते. ती बदलून मिळणार की नाही, हे बहुतेक वेळा दोष दिसल्यानंतरच्या चार-आठ दिवसांत तुम्ही काय करता त्यावर ठरते.

आधी हात आवरा

लेन्स उघडू नका आणि कोणाला उघडू देऊ नका. आतल्या काचा नुसत्या एकावर एक रचलेल्या नसतात. कारखान्यात यंत्रावर मध्य जुळवून, काही ठिकाणी कागदासारख्या पातळ चकत्या घालून त्यांची अंतरे बसवलेली असतात. एक काच काढून परत बसवली आणि ती केसभर जरी कलली, तर फोटोचा एक कोपरा कायमचा मऊ, म्हणजे अस्पष्ट होतो. धुळीचा कण काढायला गेलेल्या माणसाची धारदार लेन्स अशी हातची जाते. शिवाय जपानी लेन्सचे स्क्रू साध्या फुलीच्या स्क्रूड्रायव्हरने फिरवले की त्यांची डोकी झिजतात. झिजलेले डोके दिसले की सर्व्हिस सेंटरला वॉरंटी नाकारायला दुसरे कारण लागत नाही.

व्हॅक्यूम क्लीनर लावू नका. मागच्या बाजूने जोरात हवा मारू नका, कारण बाहेरची धूळ त्यानेच आत जाते. बुरशी मरते म्हणून लेन्स उन्हात ठेवण्याचा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो, तोही ऐकू नका. लेन्स हे भिंगच आहे. ऊन एका बिंदूवर गोळा होऊन शटरचा पडदा, ॲपर्चरच्या पाकळ्या (उजेडाचे भोक लहान-मोठे करणारी पाती) किंवा आतले प्लास्टिक जळू शकते, आणि उष्णतेने काचा चिकटवलेला गोंद मऊ पडतो. बुरशी मेली तरी तिचा डाग काचेवर राहतोच.

आणखी एक गोष्ट. पावसाळ्यात चोर्ला घाटात किंवा आंबोलीला रात्री बेडकांचे फोटो काढून आलात आणि लेन्स आतून धुरकट दिसली, तर लगेच घाबरू नका. थंड काच दमट हवेत आली की आतल्या बाजूलाही बाष्प धरते. लेन्स बॅगेतच, चेन लावून, खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी बघा. गेलेला धुरकटपणा हा दोष नव्हे. मात्र तो वारंवार येत असेल आणि जायला दोन-दोन दिवस लागत असतील, तर ओल आत मुरली आहे असे समजा.

पुरावा त्याच दिवशी तयार करा

दोष दिसला त्या दिवशीच बिल, खोका, वॉरंटी कार्ड, आतले थर्माकोल किंवा पुठ्ठ्याचे साचे, प्लास्टिकच्या पिशव्या, टोप्या हे सगळे एकत्र करा. लेन्सच्या अंगावर किंवा माउंटजवळ कोरलेला सीरियल नंबर, खोक्यावरचा नंबर आणि बिलावरचा नंबर ताडून बघा. बिलावर नंबर नसेल तर दुकानदाराकडून आजच लिहून मागा. "तुम्ही आणलेली लेन्स आमच्याकडची कशावरून?" हा प्रश्न पुढे येतोच, आणि त्याला हा नंबर हेच उत्तर असते.

अनेक कॅमेरे प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये लेन्सचा सीरियल नंबर आपोआप लिहून ठेवतात. म्हणून चाचणीचे फोटो कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ फाइलच्या स्वरूपातच जपा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ही माहिती गळून पडते. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या.

मोबाइलवर एकसलग व्हिडिओ करा: आधी सीरियल नंबर, मग लेन्स फिरवत आतला दोष, मध्ये कुठेही कट नाही. ऑनलाइन मागवलेल्या लेन्ससाठी पार्सल उघडतानाचा व्हिडिओ असेल तर फारच उत्तम. नसला तरी हक्क जात नाही, वाद थोडा वाढतो इतकेच.

टॉर्च कशी मारायची

इथे घाई करू नका, कारण पुढचे सगळे बोलणे या पाहणीवर उभे आहे. अंधारी खोली घ्या. दोन्ही टोप्या काढा, फिल्टर काढा, पुढची आणि मागची काच स्वच्छ मायक्रोफायबरने हलकेच टिपून घ्या. जुन्या पद्धतीच्या लेन्सला ॲपर्चरची कडी किंवा मागे छोटा दांडा असतो, तो सरकवून पाकळ्या पूर्ण उघडा. आता लेन्स डोळ्यांपासून वीतभर दूर धरा आणि मोबाइलची टॉर्च मागच्या काचेच्या बाजूने तिरपी मारा. प्रकाश सरळ डोळ्यांत येता कामा नये, तो काचेवरून घासत जायला हवा. मग उलट बाजूने हेच करा.

तिरप्या प्रकाशात सगळेच भयंकर दिसते, हे आधीच मनात धरा. कारखान्यातून आत्ता आलेल्या लेन्समध्येही पाच-सात बारीक कण चमकतात. पूर्ण धूळविरहित लेन्स अशी गोष्ट नसते, आणि कंपन्याही तेच सांगतात.

ठिपका दिसला की तो कुठल्या काचेवर आहे ते शोधा. त्याची युक्ती सोपी आहे. नजर ठिपक्यावर ठेवून लेन्स किंचित डावी-उजवीकडे कलवा. ॲपर्चरच्या पाकळ्यांच्या कडेशी ठिपक्याची तुलना करा. ठिपका पाकळ्यांबरोबरच सरकला तर तो त्यांच्या जवळ आहे. पाकळ्यांपेक्षा पुढच्या चौकटीबरोबर हलत असेल तर पुढच्या काचांत आहे. मागच्या चौकटीला धरून राहत असेल तर मागे आहे. झूम लेन्स असेल तर झूम फिरवत बघा, सरकणाऱ्या काचगटावरचा कण लहान-मोठा होताना दिसतो. हे सगळे बिलाच्या मागे किंवा वहीत लिहून ठेवा: 'मागून दुसऱ्या गटात, घड्याळात दहाच्या जागी, कडेपासून साधारण एक तृतीयांश आत.' लोगो वर धरून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे जागा सांगितली की सर्व्हिस सेंटरच्या माणसाला शोधायला वेळ लागत नाही आणि "आम्हाला काही दिसलं नाही" म्हणायला जागा राहत नाही.

जे दिसते ते नेमके काय

धूळ असेल तर तिला आकार नसतो, कण वेडेवाकडे असतात. झूम आत-बाहेर होताना लेन्स हवा ओढते, त्याबरोबर धूळही येते. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरमागच्या कच्च्या रस्त्यावर, निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत किंवा खानापूरच्या तांबड्या मातीत काम करणाऱ्याच्या लेन्समध्ये धूळ जाणारच. ती दोष ठरत नाही, वापराचा भाग ठरते. पण खोका उघडल्या दिवशीच डोळ्यांना टॉर्चशिवाय दिसणारा धागा, केस किंवा रंगाचा पापुद्रा आत असेल, तर ती कारखान्याची चूक आहे.

काचेतला बुडबुडा गोल असतो. त्याची कड काळी आणि मध्ये एक चमकता बिंदू दिसतो. लेन्स कुठूनही बघितली तरी त्याचा आकार तोच राहतो, कारण तो काचेच्या पोटात असतो, पृष्ठभागावर नसतो. ओतीव काचेत असा एखादा बारीक बुडबुडा राहू शकतो आणि एकट्याने तो फोटो बिघडवत नाही. तरी नव्या, महागड्या लेन्समध्ये तो मागच्या काचेच्या मध्याजवळ असेल तर बदलून मागायला हरकत नाही.

बुरशी ओळखण्यात चूक होत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारख्या फाटे फुटलेल्या तारा काचेच्या कडेकडून आत सरकताना दिसतात. सततच्या दमट हवेत ती वाढते आणि तिच्यातून निघणारे आम्ल काचेवरचा लेप खाते. बहुतेक वॉरंटीत बुरशी धरलेली नसते. पण घरी नीट ठेवलेल्या लेन्समध्ये चार-आठ दिवसांत जाळे पसरत नाही. नवी म्हणून दिलेल्या लेन्समध्ये ते दिसले तर माल दुकानात पावसाळे काढून आलेला आहे किंवा कोणीतरी वापरून परत केलेला आहे. हे मुद्दाम स्पष्ट बोला. अशी लेन्स दुसऱ्या लेन्सशेजारी ठेवू नका.

चिकटवलेल्या दोन काचांतला गोंद सुटला की कडेला चंद्रकोरीसारखी चकाकी किंवा इंद्रधनुषी रंगांचा पट्टा दिसतो. तो पसरत जातो, आणि त्याला सफाई हा उपाय नाही. नव्या लेन्समध्ये हा सरळसरळ उत्पादनातला दोष आहे. यावर तडजोड करू नका.

दुधट पडदा, म्हणजे सगळ्या काचेवर एकसारखा पांढुरका थर, हा वंगणाच्या वाफेने किंवा ओलीने येतो. पाकळ्यांवर तेलकट चमक असेल तर त्या चिकटून संथ उघडमिट करतात आणि फोटो कमी-जास्त उजेडाचे येऊ लागतात. नव्यात दोन्ही चालणार नाहीत.

आता आवाजाचे. लेन्स हलवल्यावर आत खुळखुळ वाजते म्हणून पुष्कळ लोक तक्रार घेऊन जातात आणि हात हलवत परत येतात. कंपन रोखणारी यंत्रणा असलेल्या किंवा फोकससाठी रेषीय (लिनिअर) मोटर असलेल्या अनेक लेन्समध्ये कॅमेरा बंद असताना आतला गट मोकळा सुटतो. कॅमेरा चालू केल्यावर आवाज थांबला तर ती लेन्स ठीक आहे.

फोटोवर परिणाम होतो का, ते सिद्ध करा

दुकानदार आणि कंपनी दोघेही शेवटी हाच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तर तुमच्या हातात तयार हवे.

पहिली चाचणी गैरसमज दूर करण्याची. मोकळे आकाश किंवा पांढरी भिंत घ्या, ॲपर्चर एफ १६ वर न्या (म्हणजे भोक बारीक करा), फोकस मुद्दाम चुकवा आणि फोटो काढा. काळसर ठिपके आले तर दुसरी लेन्स लावून तसाच फोटो काढा. ठिपके त्याच जागी असतील तर धूळ कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या सेन्सरवर आहे, लेन्स निर्दोष आहे. लेन्सच्या आतला कण फोटोत असा ठिपका बनून सहसा येतच नाही, कारण तो फोकसच्या फार बाहेर असतो. मागच्या काचेवर, रुंद कोनाच्या लेन्समध्ये आणि बारीक ॲपर्चरला मात्र तो क्वचित दिसू शकतो.

दुसरी चाचणी सगळ्यात बोलकी आहे. रात्री दूरचा एखादा छोटा, तेजस्वी दिवा निवडा. लग्नाच्या मांडवावरच्या माळा, गणपतीची रोषणाई, शिवजयंतीच्या चित्ररथांवरचे बल्ब, काहीही चालेल. ॲपर्चर पूर्ण उघडे ठेवा, फोकस हाताने जवळ आणा, म्हणजे दिव्याची मोठी तबकडी होईल. त्या तबकडीत लेन्सच्या आतला जवळपास सगळा संसार उमटतो: धूळ काळ्या ठिपक्यांनी, केस रेघेने, बुरशी जाळीने, ओरखडा तुटक रेषेने. प्रत्येक तबकडीत त्याच जागी तेच चिन्ह दिसले तर ते लेन्समधलेच आहे. कांद्याच्या चकतीसारखी एकात एक वर्तुळे दिसली तर तो दोष नाही. साच्यातून काढलेल्या असमगोल (ॲस्फेरिकल) काचेच्या पृष्ठभागावरचे ते साच्याचे ठसे असतात, त्या लेन्सचा स्वभावच तो. लग्नाचे फोटो काढणाऱ्याला ही चाचणी विशेष महत्त्वाची, कारण नवरा-नवरीमागे दिव्यांच्या तबकड्या हव्यात म्हणूनच तर ती लेन्स घेतलेली असते.

तिसरी चाचणी प्रकाशाविरुद्धची. सकाळी सूर्य चौकटीच्या जरा बाहेर ठेवून झाडाच्या गडद सावलीचा फोटो काढा. तेवढ्याच फोकल लांबीच्या चांगल्या लेन्सनेही काढा. नव्या लेन्सच्या फोटोत काळा रंग राखाडी पडत असेल, सगळ्यावर धुरळा बसल्यासारखा वाटत असेल, तर दुधट पडदा किंवा बुरशी खरेच नुकसान करते आहे. दोन्ही फोटो शेजारी ठेवून दाखवले की वाद संपतो.

चौथी चाचणी टॉर्चला न दिसणाऱ्या दोषाची. काचा कललेल्या किंवा मध्य सोडून बसलेल्या असतील तर आत काहीच दिसत नाही, पण एक बाजू मऊ येते. विटांच्या भिंतीचा फोटो काढायची पद्धत लोकप्रिय आहे, पण कॅमेरा भिंतीला अगदी समांतर नसला तर ती फसवते. मला दूरच्या वस्तूची पद्धत जास्त भरवशाची वाटते. येळ्ळूरच्या शिवारातून राजहंसगड दिसतो, तशी दूरवरची रेखीव कड किंवा मोबाइल टॉवर निवडा. पहाटेची वेळ घ्या, कारण दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते. कॅमेरा तिपाईवर, कंपनरोधक बंद, ॲपर्चर पूर्ण उघडे, दोन सेकंदांचा टायमर. ती वस्तू आधी मध्यभागी, मग आळीपाळीने चारही कोपऱ्यांत आणा आणि प्रत्येक ठिकाणी लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवरचे थेट चित्र) मोठा करून नव्याने फोकस करा. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर लेन्सची घडण तशी आहे. एकच कोपरा किंवा एकच बाजू स्पष्टपणे खराब असेल आणि दुसऱ्यांदा काढल्यावरही तीच खराब निघाली, तर लेन्स बदलून मागा.

ठेवायची की परत करायची

टॉर्चखालीच दिसणारे दोन-चार कण, चारही चाचण्यांत काही नाही: ठेवा आणि कामाला लागा. असली लेन्स परत करून दुसरी मागवली तर नवीन लेन्समध्येही दोन-चार कण असतील आणि कोपरा मऊ निघाला तर पदरात उलट नुकसान पडेल. चांगली निघालेली लेन्स केवळ धुळीसाठी सोडू नये, असे मला मनापासून वाटते.

बुरशी, सुटलेला गोंद, दुधट पडदा, आतल्या काचेवर ओरखडा, सुटा स्क्रू, एक बाजू मऊ, पाकळ्यांवर तेल: यांतले काहीही नव्या लेन्समध्ये दिसले तर परत. "आम्ही आतून साफ करून देतो" या बोलण्याला बळी पडू नका. पैसे नव्या लेन्सचे दिले आहेत, उघडलेल्या लेन्सचे नाही.

मधल्या प्रकारातला, म्हणजे एकच ठळक कण किंवा बुडबुडा असेल आणि बदलायची मुदत शिल्लक असेल, तर बदलून मागा. मुदत संपली असेल आणि फोटोवर परिणाम नसेल, तर तो दोष कंपनीकडे लेखी नोंदवून ठेवा. पुढे वाढला तर ती नोंद कामी येते.

दुकानदाराशी बोलताना

पहिला हक्क विकणाऱ्याकडे मागायचा, सर्व्हिस सेंटरकडे नाही. एकदा सर्व्हिस सेंटरने लेन्स उघडली की "आता ती दुरुस्तीला गेलेली आहे" म्हणून दुकानदार अंग काढून घेतो. दुकानात शांतपणे जा, सोबत लॅपटॉप किंवा टॅबवर फोटो घेऊन. "बघा की अण्णा, धूळ सगळ्यातच असती," असे उत्तर येईल. त्यावर वाद घालण्यापेक्षा तबकडीचा फोटो पुढे ठेवा आणि दुकानातली त्याच मॉडेलची दुसरी लेन्स लावून तोच फोटो काढून दाखवायला सांगा.

तोंडी बोलणे झाले तरी त्याच दिवशी लेखी पाठवा. ई-मेल उत्तम, व्हॉट्सॲपही चालते. मजकूर असा ठेवा:

"तुमच्या दुकानातून दिनांक अमुक रोजी बिल क्रमांक अमुकने अमुक मॉडेलची लेन्स, सीरियल नंबर अमुक, खरेदी केली. दिनांक अमुक रोजी लेन्सच्या आत मागील काचगटात अमुक दोष आढळला. लेन्स पडलेली, भिजलेली किंवा उघडलेली नाही. चाचणीचे मूळ फोटो आणि व्हिडिओ सोबत जोडले आहेत. हा उत्पादनातील दोष असल्याने दुरुस्ती न करता त्याच मॉडेलची नवी लेन्स द्यावी किंवा पूर्ण रक्कम परत करावी. सात दिवसांत लेखी उत्तर द्यावे."

कोल्हापूर-पुण्याला हा मजकूर मराठीत पाठवा. हुबळी, बेंगळुरू, हैदराबाद किंवा कंपनीच्या मुख्य कार्यालयाला इंग्रजीत पाठवा. त्यात दोषाचे नाव त्यांच्या बोलीत लिहा: इंटर्नल फंगस (बुरशी), हेझ (दुधट पडदा), एलिमेंट सेपरेशन (सुटलेला गोंद), डीसेंटरिंग (मध्य सोडून बसलेल्या काचा), ऑइल ऑन ब्लेड्स (पाकळ्यांवर तेल). मोघम 'लेन्स खराब आहे' लिहिले की उत्तरही मोघम येते.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिलावर परतीची मुदत लिहिलेली नसेल, तर ३० दिवसांच्या आत सदोष माल परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी लावली म्हणून सदोष माल गळ्यात मारता येत नाही. ऑनलाइन खरेदीला २०२० चे ई-कॉमर्स नियम लागू आहेत. संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात ती निकाली काढायची असते. ॲपवरची 'परत करा' खिडकी बंद झाली म्हणजे हक्क संपला, असे नाही.

सर्व्हिस सेंटरला पाठवायचीच झाली तर

वॉरंटी राज्यावर नसते. कोल्हापुरात घेतलेली लेन्स बेंगळुरूच्या अधिकृत सेंटरला चालते, फक्त ती भारतातल्या अधिकृत वितरणातली असली पाहिजे. बिलाविना, 'बाहेरचा पीस' म्हणून चार हजार कमी देऊन आणलेल्या लेन्सला इथे सहसा कोणी वाली नसतो.

पाठवताना कंपनीच्या मूळ खोक्याभोवती चारही बाजूंनी बबल रॅप आणि त्याबाहेर दुसरा, जाड पुठ्ठ्याचा खोका असा दुहेरी बंदोबस्त करा. फिल्टर, पट्टा, जास्तीच्या टोप्या घरी ठेवा. पूर्ण किमतीचा विमा उतरवा आणि पॅक करतानाचा व्हिडिओ करा. सेंटरला मिळाल्यावर जॉबशीट मागा आणि त्यावर तुम्ही सांगितलेला दोष तुमच्या शब्दांत लिहिला आहे का ते बघा. नुसते 'चेक करणे' लिहिले असेल तर दुरुस्त करून घ्या. 'परवानगीशिवाय लेन्स उघडू नये, बदलून देण्याची मागणी आहे' हे वाक्य त्यात जरूर यावे.

"मर्यादेत आहे" असा निकाल आला तर तो सहीशिक्क्यासह लेखी मागा आणि त्यांनी काढलेले चाचणीचे फोटोही मागा. कोणती मर्यादा, कशी मोजली, हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. इथे पुष्कळ प्रकरणे मिटतात, कारण लेखी द्यायची वेळ आली की लेन्स पुन्हा एकदा नीट तपासली जाते.

आयोगापर्यंत जावे लागले तर

आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथे मराठीतही बोलता येते. ती कंपनीशी मध्यस्थी करते, निकाल देत नाही, पण मोठ्या कंपन्या इथे बऱ्याचदा ऐकतात.

तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. सीमाभागातल्या माणसाने लक्षात ठेवायची गोष्ट ही: २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा कामधंदा करता, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. दुकान कोल्हापूरचे असो की मुंबईचे, बेळगावचा रहिवासी बेळगावच्याच आयोगात जाऊ शकतो. कारवार किंवा बीदरवाल्यांनाही हेच लागू. खरेदीची रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाचे अधिकारक्षेत्र येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती पोर्टलवरून ती घरबसल्या दाखल करता येते. वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागणार नसेल तर तीन महिन्यांत आणि लागणार असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागू शकतो, तेवढी तयारी ठेवा.

व्यवसायाने फोटोग्राफर असलेल्यांनी एका मुद्द्याकडे डोळ्यांत तेल घालून बघावे. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार या कायद्यात 'ग्राहक' धरला जात नाही. पण स्वतः राबून, केवळ पोट भरण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून वापरत असेल तर तो ग्राहकच ठरतो. लग्न-मुंजीचे फोटो स्वतः काढणाऱ्याने तक्रारीत हे स्पष्ट शब्दांत लिहिलेच पाहिजे. ते न लिहिल्यामुळे समोरचा वकील पहिल्याच तारखेला हा आक्षेप घेतो.

कोणाकडून 'जवळपास नवी' घेतली असेल तर

ओळखीच्या फोटोग्राफरकडून, लग्नसराई संपल्यावर, तीन महिने वापरलेली लेन्स घेण्याची पद्धत आपल्याकडे मोठी आहे. तिथे ग्राहक कायद्याचा आधार घेणे अवघड, कारण विकणारा व्यापारी नसतो. म्हणून वर सांगितलेली टॉर्चची आणि दिव्याच्या तबकडीची चाचणी पैसे देण्याआधी, विकणाऱ्याच्या समोर करा. संध्याकाळी जा, म्हणजे रस्त्यावरचे दिवे हाताशी असतात. मूळ बिल आणि खोका घ्या, सीरियल नंबर ताडा. बिल मूळ मालकाच्या नावावर असले तरी बहुतेक सेंटर खरेदीची तारीख बघतात, पण कंपनीच्या अटी वाचूनच विश्वास ठेवा. माउंटजवळचे स्क्रू भिंगातून बघा, डोकी झिजलेली असतील तर लेन्स उघडली गेली आहे.

बदली लेन्स आल्यावर

नवी आली की त्याच दिवशी त्याच चारही चाचण्या करा. तिचा सीरियल नंबर वेगळा असतो, म्हणून जुन्या बिलावर चालवून घेऊ नका. नवा नंबर लिहिलेले बिल किंवा बदलीचे पत्र घ्या आणि वॉरंटी कुठल्या तारखेपासून मोजायची ते त्यात लिहून घ्या.

आणि मग ती दमट हवेपासून जपा. जून ते सप्टेंबर खानापूर-जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात आणि बेळगाव शहरातही कपाटातल्या चामड्याच्या पिशवीत लेन्स ठेवणे म्हणजे बुरशीला घर देणे. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारे छोटे मीटर एवढे पुरते. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवा आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा कोरडे करा. डांबराच्या गोळ्या त्या डब्यात टाकू नका, त्यांची वाफ काचेवर बसते. महिन्यातून दोनदा लेन्स बाहेर काढून वापरा, काम नसेल तरी.